‘मिस, घरी येऊन घ्याल का सेशन?’

पत्राचा सारांश: लिहिणारी मुलगी २६ वर्षांची, उत्तर महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारी. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि दोन वर्षांपासून एका खासगी बालविकास केंद्रात थेरपी असिस्टंट आहे. पगार ११ हजार. केंद्र चालवणाऱ्या मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून थेरपी देणाऱ्या तज्ज्ञ आहेत, स्पीच थेरपिस्ट फक्त शनिवारी येतात. रोजची बहुतेक सेशन हीच घेते आणि पालकांना तिची ओळख ‘आमच्या थेरपिस्ट’ अशीच करून दिली जाते. तिच्याकडे ऑटिझम असलेला पाच वर्षांचा एक मुलगा येतो. अजून बोलत नाही, पण ती लिहिते, ‘तो फक्त माझ्याशी रमतो.’ केंद्रात ४५ मिनिटांचे ६०० रुपये पडतात. वडिलांचं लहानसं दुकान आहे, डोक्यावर कर्ज आहे. मुलाच्या आईने हळूच विचारलं, ‘मिस, आठवड्यातून चार दिवस घरी येऊन सेशन घ्याल का? अडीचशे देईन. मॅडमना नका सांगू.’ ती लिहिते, ‘नाही म्हटलं तर ते थेरपीच बंद करतील. हो म्हटलं तर मॅडमशी बेइमानी होते. वर घरचे म्हणतात, एवढं शिकून शेवटी आयाचंच काम करतेस. ताई, मी काय करू?’

ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीवर येते.

तुझं सगळं पत्र मॅडम आणि मुलाची आई या दोघींबद्दल आहे. कोणाला दुखवायचं, कोणाला सांभाळायचं. मुलगा त्यात ‘माझ्याशी रमतो’ एवढ्यापुरताच येतो. मॅडमशी बेइमानीचा मुद्दा मला त्या मानाने लहान वाटतो. केंद्राचं गिऱ्हाईक परस्पर घरी नेऊ नये हे तुलाही कळतं, नाहीतर पत्र लिहिलंच नसतंस. आणि ११ हजारांत कोणी कोणाला बांधून घेत नसतं. ते बाजूला ठेवू. उद्या तू त्याच्या घरी गेलीस, तर त्या मुलाचं काय होईल, एवढंच आधी बघू.

तुझं रोजचं काम डोळ्यांपुढे आण. झोपाळा, ट्रॅम्पोलीन, मणी ओवणं, क्ले, चित्रांची कार्डं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे कोणीही करेल. तुलाही आता असं वाटायला लागलं असणार की हे मला एकटीला येतं. येतंच, दोन वर्षं केलंस की. पण झोपाळा कोणत्या दिशेने, किती वेळ, कशासाठी, आणि तीन महिन्यांनी तो थांबवून दुसरं काय सुरू करायचं, हे कोणी ठरवलं? मॅडमनी मूल्यमापन केलं, उद्दिष्टं लिहिली, त्यातून प्लॅन आला. तो तू रोज राबवतेस, जे दिसेल ते लिहितेस, त्यावरून प्लॅन बदलतो. निदान तसं व्हायला हवं. घरी गेलीस की या साखळीतली तुझी एकच कडी सोबत जाते, बाकीच्या केंद्रातच राहतात. मग जुनाच प्लॅन तू महिनोन् महिने चालवत राहशील. मूल रमेल, आई खूश होईल, आणि तो होता तिथेच असेल.

हे झालं त्यातल्या त्यात बरं. वाईट काय होऊ शकतं तेही सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या इतर असिस्टंट मुलींनाही ते ठाऊक असलेलं बरं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. अशा मुलाला तपासणीशिवाय कोलांटी मारायला लावली किंवा ट्रॅम्पोलीनवर उड्या मारायला लावल्या, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेल्या मुलाला अर्धवट आडवं ठेवून भरवलं, तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याचे ताठ पाय जोर लावून फाकवायचे नसतात, खुब्याचा सांधा आधीच सरकत असू शकतो. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. क्षणभर शून्यात नजर लागते ती तंद्री की फिट, हे तू ओळखायचं नसतं. तू ते बघून लगेच सांगायचं असतं. अचानक चावायला लागलेल्या मुलाचा कधी कान दुखत असतो, कधी दात, कधी चार दिवस शी झालेली नसते. आलेले शब्द गेले, तर तो थेट डॉक्टरांचा विषय. केंद्रात असताना तू दाराबाहेर मान काढून ‘मॅडम, जरा या’ म्हणू शकतेस. त्याच्या घरी कोणाला हाक मारणार आहेस?

आता तुझं ते वाक्य, ‘तो फक्त माझ्याशी रमतो.’ ते तू अभिमानाने लिहिलंस आणि अभिमान रास्त आहे. बहुतेक केंद्रांत मुलाचा विश्वास मिळवणारी व्यक्ती असिस्टंटच असते, रिपोर्टवर सही करणारी नव्हे. पण त्या वाक्यातला ‘फक्त’ मला खटकतो. बिस्कीट हवं म्हणून त्याच्या चित्राचं कार्ड तो तुझ्या हातात देतो आणि आईच्या हातात देत नाही, तर मागायला तो अजून शिकलेला नाही. तुझ्याबरोबर एक खेळ शिकलाय. तेच कार्ड आईला, आजीला, दुकानात बसलेल्या बाबांना दिलं की ते त्याचं झालं. आणि आठवड्याचे चार दिवस ‘मिस येणार’ अशी घराची सवय झाली, की आई ४५ मिनिटं सुटकेचा श्वास टाकून स्वयंपाकघरात जाईल. त्यात तिचा दोष नाही, मीही गेले असते. पण मग मुलगा तुझ्याशी आणखी रमेल, आणि आईपासून होता तेवढाच दूर राहील.

इथे गोव्यातलं एक काम तुला सांगण्यासारखं आहे. ‘संगाथ’ ही तिथली संस्था. तिच्या सहभागाने गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ऑटिझम असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांचा एक अभ्यास झाला, २०१६मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात काम करणारे थेरपिस्ट नव्हते, तुझ्यासारखेच प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. त्यांनी मुलाला कार्डं शिकवली नाहीत, झोपाळ्यावर बसवलं नाही. आई किंवा बाबा मुलाशी खेळत असतानाचा छोटा व्हिडिओ काढायचा, मग तो त्यांच्याबरोबर बसून बघायचा. इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, ते तुमच्या लक्षात आलं का? इथे तुम्ही लागोपाठ चार प्रश्न विचारलेत, तो कधी उत्तर देणार? अशी ती कामाची पद्धत. त्यातून पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले आणि मुलं आपणहून आईबाबांशी काही सांगू-मागू पाहण्याचं प्रमाण वाढलं. मुलं घडाघडा बोलू लागली असा दावा कोणी केला नाही, तूही करू नकोस. आणि त्या कार्यकर्त्यांच्या डोक्यावर तज्ज्ञांची देखरेख सतत होती, हे विसरू नकोस. पण तुझ्यासारख्या मुलीच्या हातून काय होऊ शकतं, ते त्यात स्पष्ट दिसतं. आईला तुझी आणखी ४५ मिनिटं नकोत. उरलेल्या दिवसभरात काय करायचं, ते हवंय.

म्हणूनच घरी जाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. उलट घर ही शिकायची उत्तम जागा. दात घासणं, चड्डी वर करणं, पोळीचा तुकडा मोडणं, बेल वाजली की दाराकडे बघणं, हे सगळं केंद्राच्या गादी घातलेल्या खोलीत खोटंखोटं करावं लागतं. तुझं जाणं चोरून आणि एकटीचं असेल तर मात्र माझा विरोध आहे. मॅडमपुढे हाच विषय उघडपणे मांड: केंद्रातर्फे पंधरा दिवसांतून एक गृहभेट, मॅडमचा लेखी प्लॅन, आई सोबत बसलेली, आणि तुझ्या भेटीचे वेगळे पैसे. केंद्रातली सेशन आठवड्याला एकने कमी झाली तरी चालतील. काही मॅडमना हे लगेच पटतं, कारण फी परवडत नाही म्हणून मुलं गळतात हे त्यांनाही दिसत असतं. बोलताना त्या आईचं नाव घेऊ नकोस. ‘पालक घरच्या सेशनबद्दल विचारतात’ एवढं पुरे. गरजेपोटी विचारलेल्या प्रश्नाची चुगली करायची नसते.

गृहभेट ठरलीच, तर आई किंवा घरचं मोठं माणूस त्याच खोलीत हवं, दार उघडं हवं. मुलाला न्हाणीघरात एकटीने न्यायचं नाही. व्हिडिओ काढायचा तो पालकांची लेखी परवानगी घेऊन आणि केंद्राच्या फोनवर, स्वतःच्या नाही. हे मुलाच्या सुरक्षेसाठी आहे आणि तुझ्याही.

आईला आज काय सांगशील? ‘मी थेरपी असिस्टंट आहे. प्लॅन मॅडमचा असतो, सराव मी घेते. एकटीने घरी घेतलं तर त्याचं नुकसान होईल, म्हणून नाही म्हणतेय. पण दर वेळी शेवटची दहा मिनिटं तुम्ही आत या, आज जे केलं ते तुम्ही माझ्यासमोर करून बघा.’ ती दहा मिनिटं मॅडमकडून मंजूर करून घे. पालकांना काचेबाहेर बसवणारी केंद्रं मला कधीच समजली नाहीत. ती नक्की विचारेल, ‘कधी बोलेल हो?’ ‘सहा महिन्यांत’ असं चुकूनही म्हणू नकोस, आणि ‘देवावर सोडा’ असंही नको. तो प्रश्न शनिवारी स्पीच थेरपिस्टसमोर ठेवायला लाव. तू एवढंच विचार, की त्याची श्रवणचाचणी, उदाहरणार्थ बेरा, झाली आहे का. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ती झालेली असायला हवी आणि कितीतरी मुलांची राहून गेलेली असते. कार्डं दिली तर तो बोलायचाच नाही, अशी भीती तिला कोणी घातली असेल तर ती काढ. चित्रांनी मागायला लागलेलं मूल त्यामुळे बोलायचं थांबत नाही.

‘ते थेरपीच बंद करतील’ हे तू धरून चालली आहेस. खरंच करतील का? की ६०० रुपयांखेरीज दुसरा रस्ताच त्यांना माहीत नाही? मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालं आहे का, ते विचार. नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरुवात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात धरतात. पैसे नंतर मिळतात, म्हणून केंद्राच्या पावत्या जपून ठेवायला सांग. आणि तुमचं केंद्र पावत्या देतं का, हेही बघ. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याचं जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सरकारी दवाखान्यात त्याला ‘डीईआयसी’ म्हणूनच ओळखतात. तिथे थेरपी मोफत असते. सगळी पदं भरलेली असतीलच अशी खात्री मी देत नाही, रांगही असते. तरी आठवड्याचं एक सेशन तिथे आणि एक तुमच्याकडे, असं जमलं तर वडिलांच्या दुकानावरचा ताण बराच हलका होईल.

आता अवघड भाग. ‘आमच्या थेरपिस्ट’ ही ओळख तू दोन वर्षं ऐकून घेतलीस. पत्रात ते वाक्य तू घाईने उरकलंस. मला तोच पत्रातला सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो. स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. या परिषदेच्या १९९२च्या कायद्यात विनानोंदणी व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. उद्या काही बरंवाईट घडलं, तर ‘मला मॅडमच तसं म्हणायच्या’ हे कोणी ऐकून घेणार नाही. शिवाय त्या आईने तुला अडीचशेत घरी बोलावलं ते याच समजुतीतून, की थेरपिस्ट तीच, मग केंद्राला जास्तीचे साडेतीनशे कशाला? तिचा हिशेब चुकलेला नाही. तिला माहितीच चुकीची मिळाली आहे.

तेव्हा मॅडमशी बोलताना हे आधी काढ. भांडणाच्या सुरात नको. नेमणूकपत्रावर ‘थेरपी असिस्टंट’ असं पद लिहून माग. रजिस्टरवर सही करशील तिथे तेच लिही. प्रगतिपुस्तकावर किंवा रिपोर्टवर सही करू नकोस, कितीही घाई असली तरी. त्याच बैठकीत देखरेखीचं बोलून घे. आठवड्याला अर्धा तास मॅडम तुझ्याबरोबर बसतील, प्रत्येक मुलाचं एखादं सेशन महिन्यातून एकदोनदा स्वतः पाहतील, आणि शनिवारच्या मॅडम तोंडी सूचना न देता कागदावर लिहून जातील. तू तुझ्या बाजूने रोजच्या नोंदी चोख ठेव. ‘आज मूड चांगला होता’ ही नोंद नाही. ‘पाच वेळा कार्ड दिलं, तीनदा आपणहून, दोनदा मी कोपराला हात लावल्यावर’ ही नोंद. अशी वही घेऊन गेलेल्या असिस्टंटला मॅडम सहसा टाळत नाहीत. टाळलंच, आणि पालकांपुढे पुन्हा ‘आमच्या थेरपिस्ट’ सुरूच राहिलं, तर दुसरी नोकरी शोध. हे मी सहज म्हणत नाही, घरात ११ हजार येणं थांबतं तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून आधी दुसरी बघ, मग ही सोड.

घरच्यांच्या ‘आयाचं काम’ या टोमण्यावर एकच सांगते. तुमच्या केंद्रातल्या मावशी मुलांना शी-शू सांगायला शिकवत असतील, तर शाळेचा दरवाजा कित्येक मुलांना त्यांच्यामुळे उघडतो. शाळा प्रवेशाच्या वेळी पहिला प्रश्न तोच विचारतात. त्यामुळे हा टोमणा लागण्यासारखा नाही. पण त्यामागची काळजी खरी असू शकते: दोन वर्षांनी तू कुठे असशील?

तिथे मात्र नीट विचार कर. बारावीला सायन्स नसेल, तर स्पीच थेरपीची पदवी तुझ्यासाठी नाही, ऑक्युपेशनल थेरपीचीही नाही. त्याचं वाईट वाटून घेण्यात वर्ष घालवू नकोस. पदवीनंतर विशेष शिक्षणातलं बी.एड. करता येतं. साधारण ५० टक्क्यांची अट असते, राखीव प्रवर्गांना सवलत आहे, आणि अभ्यासक्रम आजवर दोन वर्षांचा राहिला आहे. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशी एक शाखा निवडावी लागते, तुझ्या कामाला शेवटची जवळची. उत्तीर्ण झाल्यावर परिषदेत नोंदणी होऊन स्वतःचा नोंदणी क्रमांक मिळतो. मग तू विशेष शिक्षिका म्हणून स्वतःच्या नावाने सही करू शकतेस. तरीही थेरपिस्ट नाही, पण विशेष शिक्षणाचा प्लॅन तुझा असेल.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघ, त्याच शाखेपुढे आणि त्याच शैक्षणिक वर्षापुढे बघ, आणि नियम बदलले आहेत का तेही तिथेच बघून घे. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ म्हणणाऱ्यांना फी भरू नकोस. ऑनलाइन तीन महिन्यांत ‘सर्टिफाइड थेरपी असिस्टंट’ करून देणारे कोर्स बरेच निघालेत. काही शिकायला बरे असतील, पण त्यांनी नोंदणी मिळत नाही, आणि त्यांची फी तुझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी असेल तर तेच पैसे बी.एड.साठी ठेव. नोकरी सांभाळून जमेल का, हे तुझ्या शहरातल्या कॉलेजच्या वेळांवर ठरेल. मॅडमशी बोलताना हाही विषय काढ. नोंदणी असलेली विशेष शिक्षिका त्यांनाही हवीच असणार.